सही करण्याआधी ठरवा, मेलेला मासा कोणाच्या खात्यात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीच्या मुखाशी तुम्ही तिघा मित्रांनी जिताडा मासा वाढवायचे सहा तरंगते पिंजरे टाकलेत. दोन हंगाम झाले. आता एका संशोधन संस्थेचं संयुक्त प्रकल्पाचं पत्र आलंय. संस्था सेन्सर, शेवाळ धरू नये म्हणून लेप दिलेली नवी जाळी आणि एक संशोधन सहायक देणार. पिंजरे, मासे आणि मजुरी तुमची. सही करावी का, आणि नॉर्वेत उद्योग आणि संशोधक यांचं जमतं ते आपल्याकडे का जमत नाही, असं तुम्ही विचारलंय.

सही करा. फक्त त्या पत्रात एक ओळ नाही, ती आधी घालून घ्या : प्रयोगात मासा मेला तर तो कोणाच्या खात्यात. हे वाचून संस्थेतली मंडळी थोडी दुखावतील, पण विचारा. मी पिंजऱ्यांची नांगरणी (दोर-नांगराने पिंजरा जागेवर धरणं) आणि जाळी यांत सोळा वर्षं घालवली, त्यातली सहा नॉर्वेच्या ट्रोन्डेलाग किनाऱ्यावर, बाकीची आपल्या पश्चिम किनाऱ्यावर. मोडलेले करार बरेच पाहिलेत. पैसे कमी पडले म्हणून मोडलेला त्यात एखाददुसराच. बाकीचे सगळे ह्या न लिहिलेल्या ओळीवरून मोडले.

माझ्यावरच आलेली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी दक्षिण कोकणातल्या एका खाडीत आम्ही असाच प्रयोग लावला होता. संस्थेचं नाव घेत नाही, माणसं चांगली होती. शेवाळ धरू नये म्हणून लेप दिलेलं, बारीक आसाचं (छिद्रांचं) जाळं त्यांना तपासायचं होतं. पिंजऱ्यात पाण्यातल्या ऑक्सिजनचा सेन्सर सोडला होता, दर दहा मिनिटांनी आकडा टिपणारा. एप्रिलचे दिवस, त्यात भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी आणि खाडीचं पाणी जवळजवळ उभं. जाळ्यावर तीन आठवड्यांचं शेवाळ आणि बार्नॅकल, म्हणजे चिकटून वाढणारे शिंपल्यासारखे जीव. पहाटे साडेचारला राखणदार होडीतून गेला तर मासे तोंडं वर काढून घुटमळताना दिसले. उजाडेपर्यंत निम्मा पिंजरा पोट वर करून तरंगत होता.

नंतर सेन्सर उघडला. चार रात्री आधीपासून पहाटेचा ऑक्सिजन रोज थोडाथोडा उतरत आला होता. शेवटच्या रात्री लिटरला दोन मिलिग्रॅमच्याही खाली. इशारा चार दिवस मिळत होता, फक्त तो सेन्सरच्या पोटात होता. सहायक आठवड्यातून एकदा येऊन केबल लावून आकडे उतरवून घ्यायचा, आणि त्या आठवड्यात तो परीक्षेला गेला होता. पुढे संस्था म्हणाली, प्रयोगात नुकसान गृहीतच असतं. आम्ही म्हटलं, गृहीत होतं तर कोणाच्या पैशाने? करारात काहीच नव्हतं. त्यांना त्या आकड्यांवर चांगला शोधनिबंध करता आला, आमच्या वाट्याला खड्डा खणून मासे पुरायचं काम आलं. त्यानंतर दोन वर्षं आम्ही एकमेकांचे फोन उचलले नाहीत. त्या जाळ्याबद्दल खरोखर काही शिकता आलं असतं, ते राहूनच गेलं.

आता नॉर्वे. तिथे सगळं गुण्यागोविंदाने झालं असं लांबून वाटतं, पण त्यांचं प्रत्येक मोठं सहकार्य एकेका फजितीतून किंवा अडचणीतून उभं राहिलंय. 1970 मध्ये हित्रा बेटावर ग्रोन्टव्हेट बंधूंनी तरंगत्या पिंजऱ्यात सामन (सॅल्मन) मासा वाढवून दाखवला आणि किनाऱ्यावर जो तो पिंजरे बांधू लागला. मासा मात्र रानटी नदीतला, कुठला पटकन वाढे, कुठला नाही. 1971 च्या सुमारास हारल्ड शेर्व्होल्ड आणि त्रिग्वे येद्रेम यांनी सुमारे चाळीस नद्यांमधून अंडी गोळा करायला सुरुवात केली. गंमत म्हणजे दोघेही माशांचे तज्ज्ञ नव्हते. एक गाईंच्या पैदाशीतला, दुसरा मेंढ्यांच्या. गाईला लावतात तोच हिशेब त्यांनी माशाला लावला, कुटुंबनिहाय नोंदी ठेवून. दर पिढीला वाढीत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडत गेला. त्यांच्या पैदास केंद्रातल्या टाकीत जोमाने वाढणारं कुटुंब समुद्रातही तसंच वाढतं का, हे समुद्रातल्या पिंजऱ्यांतच कळणार होतं. म्हणून कुटुंबांच्या खुणा केलेले मासे खाजगी शेतांवरही वाढले आणि तिथली वजनं संशोधकांकडे परत येत गेली.

मग रोग आले. 1987 मध्ये नॉर्वेच्या मत्स्यशेतीत सुमारे 48 टन प्रतिजैविकं वापरली गेली, आणि तेव्हाचं उत्पादन आजच्या मानाने किरकोळ होतं. थंड पाण्यातल्या व्हिब्रिओ जिवाणूचा आजार, ज्याला तिथे हित्रा रोगच म्हणत, आणि पाठोपाठ फुरन्क्युलोसिस हा दुसरा जिवाणूंचा रोग. पशुवैद्यक संस्था, विद्यापीठं आणि लसकंपन्या ह्यांनी मिळून लशी काढल्या आणि शेतकऱ्यांनी लहान माशाला एकेक करून टोचण्याची कटकट पत्करली. आज उत्पादन दहा लाख टनांच्या पुष्कळ वर आहे आणि प्रतिजैविकं अलीकडच्या बऱ्याच वर्षांत एका टनाच्याही आत. ह्यात सरकारी धोरण होतंच. तरी मला मोलाचं वाटतं ते हे, की मेलेल्या माशांची मोजदाद लपवायची नाही ही सवय ह्याच काळात लागली.

तिसरी गोष्ट माझ्या धंद्यातली, म्हणून जरा रेंगाळतो. पिंजरे फाटून सामन पळायचे. 2006 मध्ये नऊ लाखांहून जास्त मासे पळाल्याची अधिकृत नोंद आहे. पळाला की कळवायचंच असा कायदा, त्यामुळे कुठे काय मोडलं ह्याचा ढीग सरकारकडे जमत गेला. तो ढीग संशोधकांनी चाळला तेव्हा दिसलं की संख्येने सर्वांत जास्त मासे उपकरणं मोडल्यामुळे पळतात. सील प्राणी किंवा माणसाची चूक नंतर येते. 2003 मध्ये एनएस 9415 हे तांत्रिक मानक आलं : जागेची लाट आणि प्रवाह आधी मोजा, त्यावरून सांगाडा, जाळं, नांगरणी ह्यांचा हिशेब करा आणि तिऱ्हाइताकडून तपासून घ्या. पुढच्या वर्षी नियमाने ते सक्तीचं झालं. पाण्यातल्या माशांची संख्या वाढत असतानाही पळणाऱ्यांचा आकडा 2006 नंतर झपाट्याने खाली आला.

एवढ्यावर भागलं नाही. मोठ्या वादळांनंतर जाळी फाटलेली सापडायची आणि भोकं एकाच पट्ट्यात. जाळं ताणून धरायला खाली जड पाइपाचं कडं असतं, ते वरच्या सांगाड्याला साखळ्यांनी टांगलेलं. जोराच्या प्रवाहात जाळं मागे फुगतं, साखळी तशीच उभी राहते, आणि लाटेबरोबर ती जाळ्यावर कानशीसारखी घासते. जाळं विणणारे, पाइपाचं कडं बनवणारे आणि साखळी पुरवणारे हे तीन वेगळे धंदे. प्रत्येकाचा माल आपापल्या जागी उत्तम होता, भोक तिघांच्या मधल्या जागेत पडत होतं. ते शोधायला सिंटेफसारखी तिऱ्हाईत संशोधन संस्थाच लागली, जिला ह्यातलं काहीही विकायचं नव्हतं. संशोधन संस्था तुम्हाला नेमकी कशासाठी हवी, असं कोणी विचारलं तर मी हीच साखळी दाखवतो. आपापला माल सुधारायला कंपन्या समर्थ असतात. दोन मालांच्या सांध्याकडे बघायला मात्र कोणी मोकळं नसतं.

पैशाचं म्हणाल तर, 2001 पासून नॉर्वेच्या मासळी निर्यातीच्या मूल्यावर 0.3 टक्के कर एफएचएफ नावाच्या संशोधन निधीला जातो आणि तो कशावर खर्चायचा हे उद्योगातली माणसं ठरवतात. शिवाय आठ-आठ वर्षांची संशोधन केंद्रं असतात. उघड्या, लाटांच्या समुद्रातल्या शेतीसाठीचं एक्सपोज्ड हे केंद्र सिंटेफ ओशनकडे 2015 ते 2023 चाललं. आठ वर्षं हा आकडा लक्षात ठेवा. आपल्याकडे प्रकल्प सहसा तीन वर्षांचा, त्यातलं पहिलं वर्ष खरेदीच्या निविदांत जातं आणि शेवटचे सहा महिने अहवालात. मधे उरतो तो जेमतेम एक हंगाम, आणि त्यात पावसाळा.

आणखी एक. तिथे दर आठवड्याला प्रत्येक शेताला माशांवरच्या उवा मोजून कळवाव्या लागतात आणि ते आकडे बॅरेंट्सवॉच ह्या संकेतस्थळावर कोणालाही दिसतात. शेजारच्या कंपनीलाही. आपल्याकडे शेजाऱ्याला आपल्या बोटुकलीचा (माशाच्या पिल्लांचा) पुरवठादारसुद्धा सांगत नाहीत. सुरुवातीला मला हे उघडेपण वेडेपणा वाटायचा. मग कळलं की रोग प्रवाहाबरोबर येतो, कंपनीची हद्द बघून थांबत नाही.

आता सावधगिरी. त्यांची शिस्त घ्या, त्यांचे आकडे उचलू नका. संस्थेच्या पत्रात ‘आंतरराष्ट्रीय निकषांनुसार घनता’ असं लिहिलंय म्हणता. नॉर्वेत घनमीटरला 25 किलोपर्यंत सामन ठेवता येतो. तुमचा सहा मीटर व्यासाचा, चार मीटर खोल पिंजरा म्हणजे सुमारे 113 घनमीटर, ह्या हिशेबाने पावणेतीन टनांवर मासा. कागदावर झकास. पण आठ अंश सेल्सिअसच्या समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन मावतो लिटरला साडेनऊ मिलिग्रॅमच्या आसपास, आपल्या तीस अंशांच्या पाण्यात सव्वासहा. त्यात ऊन पाण्यात माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढलेले. तिजोरी लहान आणि खर्च मोठा. वर भांगाच्या रात्री पाणी हलत नाही. प्रयोगाच्या पहिल्या दोन हंगामांत घनमीटरला दहा किलोच्या वर जाऊ नका, प्रयोग कितीही आकर्षक असला तरी.

दुसरं, प्रवाह. पूर्ण आकाराच्या पिंजऱ्यांवर नॉर्वेत मोजमाप झालं तेव्हा सेकंदाला 0.35 मीटर प्रवाहात जाळं दबून आतली जागा 40 टक्क्यांपर्यंत कमी झालेली आढळली. मी मोजलेल्या कोकणातल्या दोन खाड्यांत उधाणाला अर्धा ते पाऊण मीटर सहज भरतो. प्रवाह दुप्पट झाला की ओढ चौपटीपर्यंत जाते, आणि जाळं शेवाळाने भरलेलं असेल तर त्याहून जास्त. म्हणजे तुमचा 113 घनमीटरचा पिंजरा उधाणाला 113 चा राहत नाही, आणि भांगाला जागा पूर्ण असते तर ऑक्सिजन नसतो. हे दुहेरी गणित सोडवणं हाच खरा संशोधनाचा विषय आहे. नव्या लेपाच्या जाळ्याआधी संस्थेला हे मोजायला लावा. 110 मीटर व्यासाच्या ओशन फार्म 1 चे फोटो दाखवून कोणी भुलवू लागलं तर चहा पाजून वाटेला लावा. 2017 मध्ये चीनमध्ये बांधून नॉर्वेला नेलेला तो पिंजरा तेलविहिरींच्या तंत्रातून आला. आपला तो प्रश्नच नाही.

आपल्या संस्थांनी काहीच केलं नाही असं मात्र म्हणू नका. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, म्हणजे सीएमएफआरआयने, 2007 मध्ये विशाखापट्टणमजवळ खुल्या समुद्रात पहिला पिंजरा टाकला, 15 मीटर व्यासाचा. साध्या मच्छीमाराच्या आवाक्याबाहेरचा होता. पुढे तोच सहा मीटरवर आला, एचडीपीई प्लास्टिकच्या पाइपाचा, आणि खाड्यांसाठी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाचे चौकोनी सांगाडे आले, जे गावातला वेल्डर बांधू शकतो. कर्नाटकात, विशेषतः कारवारकडे, मच्छीमारांनी ते उचलले. पिंजरा लहान करणं ही मला त्या संस्थेची मोठी कामगिरी वाटते, पण तिच्यावर भाषणं होत नाहीत.

बीजाचं कामही संस्थांनीच केलं. जिताड्याचं हॅचरीतलं बीज चेन्नईच्या सीबाने, म्हणजे केंद्रीय खारपाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने, 1997 मध्ये काढलं. पुढे एमपीईडीएच्या (सागरी उत्पादनं निर्यात विकास प्राधिकरणाच्या) राजीव गांधी जलसंवर्धन केंद्राने तमिळनाडूतून ते मोठ्या प्रमाणावर पुरवलं. कोबियाचं, ज्याला मुंबईच्या बाजारात सकला म्हणतात, तमिळनाडूतल्या मंडपमला 2010 मध्ये प्रजनन झालं आणि सिल्व्हर पॉम्पॅनोचं 2011 मध्ये. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो, म्हणजे मोठ्या माद्या सांभाळायला वर्षानुवर्षं खर्च. तो कुठलाही छोटा उद्योग करणार नाही. सरकारी संस्थेने करायचं ते हेच. पेण-अलिबागकडचे आपले खारवाले पिढ्यान्‌पिढ्या पावसाळ्यात खाडीतलं बीज पकडून तळ्यात जिताडा पोसत आले (आणि सरकारदरबारी अडलेलं काम तोच जिताडा घेऊन सोडवत आले), पण खाडीतल्या बीजावर सहा पिंजरे चालत नाहीत, हे तुम्हाला पहिल्याच हंगामात कळलं असेल.

संस्था कमी पडते ती पिंजरा पाण्यात गेल्यानंतर. रात्री तीनला नांगराचा दोर तुटला तर शास्त्रज्ञ येणार नाही, त्याची ती नोकरीही नाही. त्यामुळे कोण काय करणार ह्याची वाटणी साफ ठेवा.

करारात काय मागायचं ते आता सांगतो. मासे तुमचे असतील तर प्रयोगापायी झालेल्या मरतुकीची भरपाई प्रकल्पाच्या पैशातून, ठरलेल्या दराने. ते शक्य नसेल तर प्रयोगाच्या पिंजऱ्यांतलं बीज आणि खाद्य तरी संस्थेचं. नेहमीची मरतूक किती धरायची हे तुमच्या गेल्या दोन हंगामांच्या वहीवरून ठरवा. वही ठेवली नसेल तर आजपासून ठेवा, नाहीतर ह्या मुद्द्यावर तुम्हाला तोंड उघडायला जागा नाही.

सेन्सरचे आकडे त्याच क्षणी तुमच्या फोनवर यायला हवेत. सिमकार्डाचा खर्च किरकोळ असतो. ऑक्सिजन लिटरला चार मिलिग्रॅमच्या खाली गेला की गजर, आणि त्या वेळी खाद्य बंद करण्याचा, जाळं बदलण्याचा, गरज पडली तर प्रयोग मोडण्याचा अधिकार तुमचा. शेवटच्या शब्दावर संस्था अडेल, कारण मोडलेला प्रयोग म्हणजे वाया गेलेलं वर्ष. अडू द्या, हा मुद्दा सोडू नका.

प्रयोगाची मांडणीही वाचून घ्या. एका पिंजऱ्यात नवं जाळं, एकात जुनं, अशी तुलना मी पुष्कळदा पाहिली आहे. त्यातून काही सिद्ध होत नाही; दोन पिंजऱ्यांत फरक खाडीच्या कडेमुळेही पडतो. तुमच्याकडे सहा आहेत. तीन-तीन करा आणि कुठला कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. मात्र सहाही प्रयोगात गेले तर तुमचा विकाऊ माल कुठून येणार, म्हणून त्यांच्याकडून आणखी दोन सांगाडे मागा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अशा एका पिंजऱ्याचा खर्च पाच लाख रुपये धरला होता, म्हणजे प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात ही मागणी अवाजवी ठरणार नाही.

निबंध छापायला हरकत घेऊ नका. छापण्याआधी तीस दिवस तुम्हाला वाचायला मिळावा आणि खाडीचं नाव घालायचं की नाही हे तुम्ही सांगावं, एवढं पुरे. दोघांनी मिळून काही नवं उपकरण काढलं तर हक्काचा प्रश्न येतो. आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) संस्था असं तंत्रज्ञान आपल्या तंत्रज्ञान व्यवस्थापन कक्षामार्फत किंवा ॲग्रीइनोव्हेट कंपनीमार्फत परवान्यावर देतात. तुमच्या पाण्यात तयार झालेल्या वस्तूचा परवाना तुम्हाला आधी आणि बिनशुल्क, असं आत्ताच लिहून घ्या. नंतर हे कोणी देत नाही.

खाद्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या पत्रात तारली आणि बारकी मासळी घालतो असं आहे. ओल्या मासळीवर किलोभर जिताड्याला पाच-सहा किलो लागते, चांगल्या तरंगत्या गोळीवर दीड-दोन. शिवाय ओल्या मासळीचा चुरा जाळ्यातून खाली बसतो आणि तळाचा ऑक्सिजन खातो, म्हणजे पुन्हा तीच पहाट. प्रयोग चालू असताना तरी सगळ्या पिंजऱ्यांना एकच गोळी घाला, नाहीतर आकड्यांचा अर्थच लागणार नाही.

राहिला नॉर्वेसारखं आपल्याकडे का नाही हा प्रश्न. समुद्रात नाही, पण जमिनीवर आपण हे केलंय. सहकारी साखर कारखान्यांच्या ऊस उत्पादकांनी 1975 मध्ये पुण्याजवळच्या मांजरीला स्वतःची संशोधन संस्था काढली, आज जी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, आणि कारखाने तिला वर्गणी देतात. द्राक्ष बागाईतदारांनी स्वतःचा संघ बांधला आणि शास्त्रज्ञाला बागेत उभं करून प्रश्न विचारायची सवय लावली. तिथे शेतकरी संशोधनाचा गिऱ्हाईक आहे. पिंजऱ्यांच्या धंद्यात आपण अजून लाभार्थी आहोत, अनुदान घेणारे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आज पिंजरेवाले मोजकेच, त्यामुळे संस्था काढायची गोष्ट दूरची. पण किलोमागे एक रुपया बाजूला काढून चार-पाच गटांनी मिळून एक प्रवाहमापक आणि एक ऑक्सिजन मीटर घ्यायला काय हरकत आहे? उपकरण आपलं असलं की संस्थेशी बोलताना आवाज बदलतो. रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातली मुलं उन्हाळ्यात काम शोधत असतात, त्यांना वापरायला शिकवा.

उत्तर द्यायला संस्थेने मुदत दिली असेलच. त्याआधी एक करा. कुठूनही प्रवाहमापक भाड्याने आणा आणि पिंजऱ्यांच्या रांगेच्या दोन्ही टोकांना पंधरा-पंधरा दिवस ठेवा, म्हणजे प्रत्येक टोकाला एक उधाण आणि एक भांग मिळेल. दोन मीटर खोलीवर एकदा, तळापासून एक मीटर वर एकदा. सोबत पहाटे चार ते सहाचा ऑक्सिजन हाताने मोजून वहीत लिहा. हे आकडे आणि नांगरणीचा आराखडा मला पाठवा; दोर किती जाड हवा आणि साखळी जाळ्याला कुठे घासेल हे बघून सांगतो. तोवर लेपाच्या जाळ्याला हो म्हणू नका.